हंपीची अंबाडी

आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका पुण्याच्या मुलानं मला फसवलं, आणि मला पुढं करून निम्म्या सोसायटीला फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकिकत ऐकणारा प्रत्येक जण शेवटी हसतो आणि म्हणतो, "पण तुमचं नुकसान काय झालं? उलट माल खपला की!" माल खपला हे खरं आहे. माझा राग त्यावरच आहे.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. ती संध्याकाळी घरी आली की आधी अंगणात लुगडं झटकायची, तरी रात्री तिच्या कुशीत झोपताना मला शिंका यायच्या. शाळेत मुली माझ्या दप्तराला नाक लावून हसायच्या. त्या तंबाखूनं आमच्या गल्लीतले किती बाप खाल्ले, पण तंबाखूला कुणी कधी अडवलं नाही. गावाबाहेरच्या मठात जत्रेला साधू यायचे, झाडाखाली बसून चिलीम ओढायचे, आणि फौजदार त्यांच्या पाया पडून पुढं जायचा. हे सगळं बघत वाढलेल्या बाईला नशेचं नवल राहत नाही. कुणी काय ओढावं, काय प्यावं, यावर मी कुणाला शहाणपण शिकवलेलं नाही. मी विकणारी बाई आहे. जे विकते त्याचं नाव सांगून विकते. त्या नावावर मी या शहरात उभी राहिले.

लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता, अजूनही आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीत पोरं चार-चारच्या गटानं फ्लॅट घेऊन राहायची आणि रोज इडली खाऊन कंटाळायची. मी त्यांना भाकरी द्यायला लागले. कन्नड निपाणीत कानावर होती, जिभेवर नव्हती. ती मी इथल्या बाजारात घासाघीस करताना शिकले. त्यामुळं माझ्या कन्नडमध्ये 'नको', 'जास्त' आणि 'मग जाते मी' हे शब्द सगळ्यात चांगले उमटतात. भाजीवाले मला लांबून ओळखतात. एक जण तर मी दिसले की टोपलीवर पोतंच टाकतो.

पण माझं नाव झालं ते अंबाडीवर. बंगळूरच्या बाजारात लाल देठाची अंबाडी मिळते, तेलुगू लोक तिला गोंगुरा म्हणतात. ती चांगलीच आहे, पण आमची वेगळी. आमच्याकडची हिरव्या देठाची, अंगाला बारीक काटे, आणि वरचं पान हाताच्या पंजासारखं फुटलेलं, कडेला दातरे. भावाकडून बी आणलं. आधी गच्चीवर पोत्यांत लावलं, मग आनेकलच्या पुढं एक शेतकरी पटवला. तो म्हणाला, असलं काटेरी काय लावू? मी त्याला एकदा ठेचा खायला घातला. त्यानंतर तो काट्यांबद्दल बोलला नाही.

त्या ठेच्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या तळमजल्यावरची विजापूरकडची बाई. सरकारी शाळेत शिकवते, म्हणून सगळी इमारत तिला टीचर म्हणते. मी वाटीत नमुना घेऊन तिच्या दारात गेले, तिनं बोट लावून चाखलं आणि कन्नडमध्ये ओरडलीच, "पुंडी! अक्का, ही तर आमची पुंडी!" तिकडं अंबाडीला पुंडी म्हणतात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मिरचीनं आलं की आईच्या आठवणीनं, मी विचारलं नाही. तिनंच मग जिन्यात, लिफ्टमध्ये, गेटवर सगळ्यांना सांगितलं. सोसायटीच्या गेटजवळ रविवारी बाजार भरतो, तिथं मला टेबल मिळालं ते तिच्या शब्दानं. तिचा धाकटा भाऊ तिच्याकडं राहायचा. त्याला गांजाचं व्यसन होतं आणि तो इस्पितळातून बरा होऊन आला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती त्याबद्दल बोलायची नाही, आम्हीही तो विषय काढायचो नाही. तो रविवारी टेबल उचलायला यायचा. गप्प मुलगा, पण हात स्वच्छ आणि काम नीट.

आता पुण्याचा मुलगा. मुलगा म्हणायचं, पण तिशी ओलांडलेला. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा, कुठल्यातरी कंपनीत लोकांना माल कसा विकावा ते सांगायचा. माझी भाकरी खायचा. एके दिवशी ठेच्याची बाटली हातात घेऊन स्वयंपाकघरात आला.

"काकू, तुमचं प्रॉडक्ट किलर आहे. पण पॅकेजिंग एकदम डेड आहे."

"आधी ठरव की. मारतंय का मेलंय?"

तो हसला. गोड हसतो, हे त्याचं भांडवल. म्हणाला, बाटली बदलू, लेबल करू, फोनवरून ऑर्डर येतील, माल तुमचा, बाकीची धावपळ माझी. मी म्हटलं, बघू. मग आमची घासाघीस सुरू झाली. बाटलीचं झाकण पत्र्याचं हवं, प्लास्टिकचं नको. डन काकू. 'घरगुती' हा शब्द मराठीत हवा. डन. कन्नडमध्येही हवा, आणि दोन्ही इंग्रजीच्या बरोबरीनं ठळक. डन, डन. मी आणखी ताणलं. म्हटलं, अक्षरं एवढी मोठी पाहिजेत की माझ्या सासूला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत. त्यालाही डन. माझं वाक्य संपायच्या आत जो माणूस हो म्हणतो, त्याला जे हवं ते आधीच मिळालेलं असतं, हे मी स्वतः कितीतरी जणांना शिकवलंय. त्या दिवशी मात्र अक्षरांच्या मापावरून भांडताना अक्षरं काय म्हणतायत तिकडं माझं लक्ष नव्हतं.

लेबल छापून आलं. मधोमध मोठं हिरवं पान. मी ते निरखून बघितलं आणि खूश झाले. हुबेहूब आमच्या अंबाडीचं पान, दातऱ्यांसकट. खाली मराठीत आणि कन्नडमध्ये 'घरगुती ठेचा', ठरल्याप्रमाणं ठळक. वर इंग्रजीत दोन शब्द. इंग्रजी मी दुकानांच्या पाट्यांवर शिकले, जुळवून वाचते. पहिला शब्द डेक्कन. म्हणजे दख्खन, छान. दुसऱ्यापाशी अडले. एच, ई, एम, पी.

"अरे," मी म्हटलं, "हंपीचं स्पेलिंग चुकलं की. शेवटी आय पाहिजे."

तो माझ्याकडं क्षणभर बघत राहिला. ते बघणं मला अजून आठवतं.

"काकू," तो म्हणाला, "हे स्टायलिश स्पेलिंग आहे."

मला पटलं. हंपी आमच्या विजयनगरची राजधानी, दख्खनची शान, तिथला दगडी रथ नोटेवर आलाय. अंबाडी त्याच मुलखातली. मी म्हटलं, डोकं चालतं पोराचं.

त्याच सुमाराला जर्मनीत कायदा झाला. मोठ्या माणसांनी मजेसाठी गांजा ओढला तर गुन्हा नाही, थोडा जवळ ठेवता येईल, घरात दोन-तीन झाडंही लावता येतील. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांतली पोरं जर्मनीत नोकरीला किंवा शिकायला. त्यामुळं तो कायदा बर्लिनमध्ये झाला तरी चर्चा आमच्या गेटवर. त्या रविवारी टेबल मांडता मांडता मी सगळं ऐकत होते.

आमचे सेक्रेटरी सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा तिकडंच असतो. ते म्हणत होते, "आज जर्मनी, उद्या आपलं गेट. मी मुलाला विचारलं, तुझ्या बाल्कनीत काय लावलंयस? तर म्हणतो, कोथिंबीर. व्हिडिओवर दाखव म्हटलं तर नेटवर्क गेलं."

नातवंडांना सांभाळायला आलेले एक बनारसचे आजोबा होते. त्यांना ही सगळी घबराट बघून गंमत वाटत होती. "हमारे यहाँ तो भाँग का सरकारी ठेका है," ते म्हणाले. "जर्मनीवालों ने आज सीखा."

"भांग वेगळी, गांजा वेगळा, अंकल," जिमहून घामेजून आलेला एक पोरगा म्हणाला. "पण होणार, इथंही होणार. दारूवर टॅक्स मिळतो तर यावर का नको?"

"आधी रस्त्यावरचे खड्डे लीगल करा," कुणीतरी मागून म्हणालं, आणि सगळे हसले.

आणि त्या दिवशी माझ्या टेबलासमोर रांग लागली. एरवी माझ्याकडं बायका येतात, त्याही वयाच्या. त्या दिवशी सगळी पोरं-पोरी. कानात बोंडं, डोळ्यांवर गॉगल, एकमेकांना कोपरानं ढोसतायत. मला अभिमान वाटला. म्हटलं, आपली अंबाडी या नव्या पिढीपर्यंत पोचली. एक नवंच लग्न झालेलं जोडपं पुढं आलं. मुलीनं हळू आवाजात विचारलं,

"आंटी, फर्स्ट टाइम किती घ्यायचं?"

"बोटावर घे, भाकरीला लाव. पहिल्यांदा स्वल्पच."

"आणि किती वेळात कळतं?"

"जिभेला लागलं की लगेच."

"लगेच!" तिनं नवऱ्याकडं बघितलं. "आणि उतरत नसेल तर?"

"ताक पी. उतरतं."

नवरा जरा पुढं वाकला. "सकाळी खाल्लं तर ऑफिसला जाता येतं ना, आंटी?"

मी छाती पुढं काढून म्हटलं, "माझा नवरा रोज सकाळी हे खाऊन कंपनीची बस चालवतो."

रांगेतल्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळीच खदखदायला लागली. मीही हसले. प्रत्येकाला सांगत होते, हंपीकडची अंबाडी आहे, भेसळ नाही, माझ्या हातची. दुपारच्या आत टेबल रिकामं झालं.

सत्य सांगितलं ते बनशंकरी भागातल्या अक्कांनी. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरात आहे, मराठी अशी बोलतात की निम्मी कन्नड. लेकीकडं आल्या की माझ्याकडून भाकरी नेतात. त्या दिवशी भाकरी घ्यायला थांबल्या आणि रिकाम्या टेबलावर उरलेली नमुन्याची बाटली डोळ्यांजवळ धरून वाचत बसल्या.

"अय्यो. काय गे हे? भांगेचं विकायला लागलीस?"

"कसली भांग, अक्का?"

"हे बघ की. हेम्प लिहिलंय. हेम्प म्हणजे भांगेचं झाड गे, तेच जर्मनीचं. पानसुद्धा छापलंयस एवढं मोठं!"

"ते हंपी आहे," मी म्हटलं.

अक्कांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला पुढं काही विचारायची गरज पडली नाही. रांगेतला एकेक प्रश्न माझ्या कानात परत वाजायला लागला. किती वेळात कळतं. उतरत नसेल तर. आणि बस. देवा, ती बस.

मी जिना चढून वर गेले, लिफ्टची वाट बघण्याएवढा दम नव्हता. त्यानं दार उघडलं, कानात गाणी. ती मी माझ्या हातानं काढली.

"हेम्प म्हणजे काय?"

"काकू, आत या ना, पाणी—"

"हेम्प म्हणजे काय ते सांग."

त्यानं शांतपणे फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. त्यावर अंबाडीचा फोटो. पिवळं फूल, मधे गडद डाग, आपलीच. खाली इंग्रजीत नाव. डेक्कन हेम्प.

"बघा. अंबाडीचं इंग्रजी नावच हे आहे. मी काहीच मनाचं लावलेलं नाही. खोटं काय आहे त्यात?"

आणि ते खरं होतं. अंबाडीच्या देठाचा वाख काढून दोर वळतात, ते बघून गोऱ्या लोकांनी कधीतरी तिला ते नाव दिलं असेल. मला वाटलं होतं की त्याला खोट्यात पकडीन, आणि त्याच्या हातात खरा पुरावा होता. घासाघिशीत समोरच्याकडं असा पत्ता निघाला की माझं डोकं आणखी तापतं.

"मग मी हंपी म्हटलं तेव्हा गप्प का बसलास?"

"तुम्ही इतक्या कॉन्फिडन्ट होतात, काकू. मला तुम्हाला एम्बॅरस नव्हतं करायचं."

"आणि ती पोरं रांगेत का हसत होती?"

"लोकांनी काय समजायचं ते लोकांचं. मी कुठं गांजा म्हटलं? आणि टायमिंग बघा ना, जर्मनीमुळं काय जमलंय! पुढच्या आठवड्यासाठी डबल माल करूया."

मी त्याला त्या दारात जे बोलले ते निपाणीच्या वखारीतल्या बायका बोलतात ते. छापण्यासारखं नाही. त्याच्याकडं असलेल्या सगळ्या बाटल्या मी पोत्यात भरून खाली आणल्या, गरम पाण्यात बुडवल्या आणि नखांनी लेबलं खरवडून काढली. नवरा शेजारी उभा राहून बघत होता. त्याला कंपनीतून फोन येऊन गेला होता, सकाळी काय खातोस म्हणून.

"माझं नाव कशाला घेतलंस?" तो म्हणाला.

"अभिमानानं घेतलं."

"पुढच्या वेळी जरा कमी अभिमान कर."

पण पुढच्या वेळेची वाट बघायला लागली नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी बाटलीचा फोटो टाकला आणि सेक्रेटरींनी क्लबहाऊसमध्ये मीटिंग बोलावली. विषय एकच, माझं टेबल बंद करायचं. माझ्या नवऱ्याला वाटत होतं मी जाऊच नये. मी गच्चीवर गेले, अंबाडीचं एक उंच झाड मुळासकट उपटलं आणि मातीसकट खांद्यावर टाकून मीटिंगला गेले.

क्लबहाऊसच्या चकचकीत फरशीवर माती पडत गेली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पाय वर घेतले. कुणीतरी व्हिडिओ काढायला लागलं. सेक्रेटरी उठून उभे राहिले.

"अम्मा, ते बाहेर ठेवा. इथं पोलीस आणायचेत का?"

"येऊ देत की. त्यांनाही चाखायला देते."

मग सगळे एकदम बोलायला लागले. एक जण म्हणाला, हे असंच सुरू होतं, आधी चटणी, मग चिलीम. एक बाई म्हणाली, माझी मुलगी त्या रांगेत होती, तिला काय झालं असतं तर? जिमचा पोरगा म्हणाला, पण झालं असतं तर वाईट काय, जर्मनीत— आणि त्याच्या आईनं त्याला तिथल्या तिथं खाली बसवलं. दारू पिणारे दारूच्या नावानं बोलेनात आणि न पिणारे सगळ्यांच्याच नावानं बोलायला लागले. जर्मनीवर, तरुणांवर, बायकांवर, बाहेरून आलेल्यांवर, सगळ्यांवर मतं होती. मी जे विकते ते चाखलेलं त्यांतल्या कुणीच नव्हतं.

मी पानं ओरबाडली आणि पुढच्या टेबलावर टाकली.

"चावा," मी म्हटलं. "चावून मग बंद करा."

कुणी हात पुढं करेना. बनारसचे आजोबा मात्र उठले, डोळ्यांत आशा घेऊन. पान तोंडात टाकलं, चावलं, आणि त्यांचा चेहरा आक्रसला. "अरे, ये तो खट्टा है!" एवढी निराशा मी कुठल्याच गिऱ्हाइकाच्या तोंडावर बघितली नव्हती.

मागून एका तेलुगू बाईंनी पान उचललं, चावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गोंगुरा! ही गोंगुराची बहीण आहे. सेक्रेटरी, आता आमचा गोंगुराही बंद करणार का?" त्यासरशी आमच्या इमारतीतली सगळी तेलुगू घरं माझ्या बाजूला आली. सेक्रेटरींवर वेळ आली. त्यांनीही एक पान घेतलं, दाढेखाली धरलं, आणि डोळे मिटून गिळलं. टेबल चालू राहिलं. माझी एक अट होती, ती मी तिथंच मान्य करून घेतली: गेटजवळची, सावलीची जागा. भांडण जिंकल्यावर रिकाम्या हातानं उठायची मला सवय नाही.

दारात ते नवं जोडपं उभं होतं. मुलगी कानात बोलल्यासारखं म्हणाली, "आंटी, म्हणजे त्या रात्री आम्हाला सीलिंग फिरल्यासारखं वाटलं ते..."

"मिरची."

"आम्ही ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलंय."

"मग आता तेही सांगा."

बनशंकरीच्या अक्का हसून हसून खुर्चीत कलल्या होत्या. "तुळशीत भांग उगवली म्हणतात ना गे," त्या म्हणाल्या, "तुझ्या भांगेत तुळस निघाली!"

मी झाड परत खांद्यावर टाकलं आणि ताठ मानेनं बाहेर पडले. वखारीत राबणाऱ्या आईच्या कुशीत शिंकत झोपणारी पोर, जिच्या दप्तराला मुली नाक लावायच्या, तिच्या हातची पानं आज एवढ्या शिकलेल्या माणसांनी चावली आणि मान डोलावली. मी इंग्रजी चुकीचं वाचलं असेल, पण माझी अंबाडी चुकीची नव्हती. त्या दिवशीचा अभिमान मी अजून उतरू दिलेला नाही, आणि का उतरू द्यावा?

जिन्याच्या पायथ्याशी टीचर उभी होती. मीटिंगला ती आली नव्हती. तिच्या हातात रिकामी बाटली होती, लेबलासकट. चाटूनपुसून रिकामी केलेली.

मला वाटलं, परत भरून मागते आहे. मी हसत म्हटलं, "चला, वर या, ताजा देते."

तिनं बाटली माझ्या हातात दिली. मग कन्नडमध्ये, शाळेत फळ्यावर लिहावं तसं एकेक वाक्य सावकाश सांगितलं. बाटली तिच्या भावानं घेतली होती, त्या रांगेतून. तिला न सांगता. इस्पितळातून आल्यापासून तो चांगला होता, कामावर जायला लागला होता. लेबल वाचून त्याला वाटलं, हे तर उघड विकतायत, सोसायटीच्या गेटवर, आपल्या ओळखीच्या भाकरीवाल्या अक्काच्या टेबलावर, म्हणजे एवढं चालेल. त्यानं दार लावून चमच्यानं सगळा ठेचा खाल्ला आणि काहीतरी होईल म्हणून वाट बघत बसला. पोटात आग पडली, बाकी काही झालं नाही. पण एकदा वाट बघायला बसलेला माणूस मग तसाच उठला आणि खरा गांजा शोधायला बाहेर गेला. आता तो परत इस्पितळात आहे.

"मला माहीत आहे ती पुंडी आहे," टीचर म्हणाली. "मी पहिल्या दिवशीच ओळखली होती. मीटिंगला यायचं मला कारण नव्हतं. मला एवढंच विचारायचं आहे, अक्का. पुंडीला पुंडी म्हणायला काय झालं होतं?"

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. समोरचा बोलायच्या आधी असतं. तिथं मी खांद्यावरचं झाड आधी खाली ठेवलं. शेवटी म्हटलं, "मला माहीत नव्हतं."

"सरी," ती म्हणाली.

हा शब्द मी बाजारात हजारदा ऐकलाय. सौदा ठरला की कन्नडमध्ये सरी म्हणतात, आणि मला तो जिंकल्यासारखा ऐकू येतो. तिनं तो म्हटला आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती माझ्या टेबलापाशी थांबलेली नाही. रस्त्यात भेटली की मान हलवते. शिकलेली बाई आहे, भांडत नाही. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं, भांडण मला जमतं.

मी परत वर गेले. त्या मुलाला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला, ते मी कबूल करते. पण तोंडातून निघालं ते असं: "दॅट्स रिअली सॅड, काकू. पण तो आधीपासूनच तसा होता ना? हे माझ्यावर कसं येतं?" मी म्हटलं, खाली चल, तिला भेट. तो म्हणाला, आत्ता कॉल आहे. मग उद्या होता, मग परवा. मग एका सकाळी त्याचं सामान टेंपोत चढताना दिसलं. आता तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, येलहंकाला राहतो असं कळलं. दुसऱ्या कुणा बाईच्या लोणच्यावर त्यानं आता कुठलं पान छापलंय ते मला ठाऊक नाही. माझा फोन तो उचलत नाही.

माझ्या बाटल्यांवर आता मराठीत अंबाडी आहे, कन्नडमध्ये पुंडी आहे, तेलुगूत गोंगुरा आहे, आणि इंग्रजी नाही. जर्मनीनं काय करायचं ते जर्मनी बघेल. उद्या आपल्याकडं कायदा बदलला, तर ज्याला जे घ्यायचं ते त्यानं नाव वाचून घ्यावं, आणि विकणाऱ्यानं नाव सांगून विकावं. टीचरच्या भावालाही त्या दिवशी एवढंच मिळायला हवं होतं.

म्हणून मी हे लिहिते आहे, आणि त्या मुलाला वाचता यावं म्हणून मराठीत लिहिते आहे. तू माझी माफी मागू नकोस, ती मला नको, माझा हिशेब मी क्लबहाऊसमध्ये चुकता करून घेतलाय. येलहंकाहून बस धरून इकडं ये. तळमजल्यावरचं दार वाजव. त्या बाईनं मला जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, तुझ्याकडं होतं. मी हंपी म्हटलं तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस, तुला कळलं, आणि तू गप्प बसलास. का गप्प बसलास ते तिला सांग. तिचा भाऊ घरी असेल तर त्यालाही सांग. इंग्रजीत सांग, हिंदीत सांग, कशातही सांग, तिला सगळं समजतं. मी जिन्यात उभी राहीन, मधे एक शब्द बोलणार नाही. पण तिच्यापुढं उभा राहून उत्तर तूच द्यायचंस.